नृत्यवर्गात नाव घालण्यापूर्वी

मे महिना सरत आला, की मला येणाऱ्या फोनचा मजकूर साधारण ठरलेला असतो. ‘मुलगी सात वर्षांची आहे, कथकला घालू की भरतनाट्यमला?’ ‘विशारद व्हायला किती वर्षं लागतात?’ ‘वर्ग घराजवळ आहे, पण तिथल्या ताई परीक्षेला बसवायची घाई करत नाहीत. चालेल का?’ आणि जरा दबक्या आवाजात, ‘माझं वय एक्केचाळीस. आता शिकायला गेले तर लोक हसतील का हो?’

बरीच वर्षं कथक शिकवल्यावर या प्रश्नांकडे मी एकाच चाळणीतून बघायला लागले आहे. यातली कुठली चूक पुढे दुरुस्त होते आणि कुठली होत नाही? उशिरा सुरुवात केली, मध्येच शैली बदलली, एखादी परीक्षा राहिली, तर ते सगळं भरून निघतं. चुकीच्या बैठकीवर झिजलेले गुडघे, लयीचा कच्चा पाया आणि मुलाच्या मनात बसलेली वर्गाची धास्ती, या तीन गोष्टी मात्र सहजी भरून निघत नाहीत. गंमत अशी, की बहुतेक घरांत चर्चा पहिल्या यादीवर होते आणि दुसरीबद्दल कुणी विचारतच नाही. या लेखातला भर म्हणूनच दुसऱ्या यादीवर आहे.

आधी कशासाठी, ते ठरवा

घरातल्या घरात हा प्रश्न मोकळेपणाने विचारा. उत्तर कुठलंही असलं तरी चालेल, फक्त ते खरं असू द्या.

- व्यायाम आणि आनंद: आठवड्यातून २ दिवस वर्ग आणि घरी थोडा सराव पुरतो. परीक्षेची गरज नाही.
- पद्धतशीर शिक्षण: ७ ते ८ वर्षं टिकून राहण्याची तयारी हवी. घरी रोजचा रियाज आलाच.
- मंच किंवा व्यवसाय: गाणं, ताल, संस्कृत किंवा ब्रजसारखी भाषा, अध्यापन, सगळंच शिकावं लागतं. हा निर्णय सातव्या वर्षी कुणी घेऊ नये. १४-१५ व्या वर्षी मूल स्वतः सांगेल.
- ‘टीव्हीवरच्या स्पर्धेत जायचंय’: तर तसं स्पष्ट बोला. शास्त्रीय नृत्याचं पहिलं वर्ष पायाच्या कामात जातं, त्यात झगमगाट नसतो. तीन महिन्यांत गाण्यावर नाच बसवून हवा असेल, तर त्यासाठी वेगळे वर्ग आहेत. त्यात कमीपणा काही नाही.

आठ शैली, आणि तुमच्या गावातल्या दोन

संगीत नाटक अकादमी आज आठ शास्त्रीय नृत्यशैली मानते: भरतनाट्यम, कथक, कथकली, कुचिपुडी, ओडिसी, मणिपुरी, मोहिनीआट्टम आणि २००० साली मान्यता मिळालेलं आसामचं सत्रिय. लावणी या यादीत नाही, ती आपली लोककला आहे. तिला कुणी कमी लेखू नये, पण ‘शास्त्रीय’ म्हणून शिकवत असतील तर काय शिकवतात ते विचारावं.

यादी आठांची असली, तरी महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत आणि उपनगरांत निवड कथक आणि भरतनाट्यम यांच्यातच होते. निर्णयापुरते फरक एवढेच:

- उभं राहणं: कथकमध्ये शरीर ताठ उभं असतं. भरतनाट्यमची मूळ बैठक अरमंडी, म्हणजे गुडघे बाहेरच्या दिशेला उघडून अर्धं बसणं. मांड्या आणि कंबर यांचा कस तिथे पहिल्या दिवसापासून लागतो.
- पाय: कथकचा पाया तत्कार, म्हणजे पायांनी काढलेले मूळ बोल, पुढे चक्करं (गिरक्या). भरतनाट्यमचा पाया अडवू, म्हणजे मूळ पदन्यास. दोन्हीकडे पाय जोरात आपटतात, तेव्हा ‘गुडघ्याला सोपी’ अशी शैली कुठलीच नाही.
- संगीत: कथकला हिंदुस्तानी संगीत, तबला, पखवाज, लहरा (तालाचं आवर्तन दाखवत पुन्हा पुन्हा वाजणारी धून). भरतनाट्यमला कर्नाटक संगीत, मृदंगम आणि गुरूच्या हातातलं नट्टुवांगम (झांजांवर धरलेला ताल).
- भाषा: कथकमध्ये ब्रज, हिंदी, उर्दू, संस्कृत. भरतनाट्यममध्ये तमीळ, तेलुगू, कन्नड, संस्कृत. घरात नाट्यसंगीत, अभंग ऐकणाऱ्या मुलाच्या कानाला कथकचं संगीत लवकर ओळखीचं वाटतं. एवढाच फायदा, आणि तोही वर्षभरात संपतो.
- उत्स्फूर्तता: कथकमध्ये लयीशी जागच्या जागी खेळायला बराच वाव असतो. भरतनाट्यममध्ये बसवलेल्या रचनेची शिस्त अधिक, उत्स्फूर्तपणा मुख्यतः अभिनयात.

‘भरतनाट्यम म्हणजे मद्राशी, आपलं नव्हे’ असं आजही ऐकू येतं. असं म्हणणाऱ्यांना तंजावरची आठवण करून द्यावी. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तिथे भोसल्यांचं राज्य उभं केलं. त्या दरबारात तमीळ, तेलुगूइतकीच मराठीही नांदली. दुसऱ्या सरफोजीराजांच्या (कारकीर्द १७९८-१८३२) नावावर नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणं आहेत. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा भरतनाट्यमचा आजचा क्रम ज्यांनी घडवला, ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार बंधू याच तंजावर दरबाराचे कलावंत. ती मराठी निरूपणं पुढे मुंबईत आचार्य पार्वतीकुमारांनी अभ्यासून मंचावर आणली. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी भरतनाट्यम हिंदुस्तानी संगीतावर बांधण्याचा ‘नृत्यगंगा’ हा प्रयोग पुण्यात केला. आणि कथक उत्तरेचं म्हणाल, तर रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये पुण्यात ‘नृत्यभारती’ सुरू केली, त्याला पाऊण शतक उलटून गेलं. दोन्ही शैली आपल्या अंगणातल्याच आहेत.

तेव्हा माझा सल्ला: ज्या शैलीचा चांगला वर्ग अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे, ती शैली निवडा. दोन्ही असतील, तर मुलाला दोन्हीकडचा एकेक वर्ग दाखवा आणि परतीच्या वाटेवर त्याचे पाय कशावर हलतात ते बघा.

योग्य वय

- ५ वर्षांखालील मुलं: टाळ्या, चालणं, गोष्टी, गाणी एवढंच. या वयात अर्धा तास अरमंडीत बसवणारा वर्ग टाळा.
- ६ ते ८: सुरुवातीला उत्तम. सूचना कळतात, शरीर लवचीक असतं.
- १० ते १४: उशीर झालेला नाही. समज जास्त असल्याने ही मुलं पहिल्या २ वर्षांचं काम बऱ्याचदा वर्षात उरकतात.
- मोठी माणसं: जरूर या. अभिनय आणि लयीची समज तुमच्याकडे लहानांपेक्षा अधिक असते, दम आणि गुडघे कमी. रक्तदाब, मणक्याचा किंवा गुडघ्याचा त्रास, चक्कर येणं यांपैकी काही असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला आणि ताईंनाही सांगा. शक्यतो मोठ्यांची वेगळी तुकडी असलेला वर्ग बघा. आठ वर्षांच्या मुलींच्या रांगेत उभं राहून शिकणं तुम्हालाही अवघड आणि त्यांनाही.

मुलग्यांबद्दल वेगळं विचारलं जातं, म्हणून सांगते. कथकच्या लखनौ, जयपूर, बनारस या घराण्यांची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या पुरुष गुरूंनी चालवली. कथकली तर शतकानुशतकं पुरुषांचंच होतं. मुलाला नाचायचं असेल, तर त्याच्यासमोर ‘हे मुलींचं’ असं नातेवाइकांना बोलू देऊ नका. तुमच्याकडून एवढी मदत पुरे.

वर्ग बघायला जा, आणि गप्प बसून बघा

पैसे भरण्याआधी किमान एक पूर्ण वर्ग बघू द्या, अशी विनंती करा. पुढच्या रांगेत नाचणाऱ्या मोठ्या मुलींकडे बघू नका, त्या कुठल्याही वर्गात छानच दिसतात. मागच्या रांगेतल्या नवख्या मुलांकडे बघा.

- गुरू त्यांच्यापर्यंत जातात का? पाऊल, गुडघा, खांदा दुरुस्त करतात का?
- सुरुवातीला अंग मोकळं करून घेतात, की थेट द्रुत लयीवर झेप?
- मुलं बोल तोंडाने म्हणतात का? हाताने ताल देतात का?
- सगळं काम मोबाइलवरच्या गाण्यावर चाललंय, की तबला, लहरा, तट्टुकळी (भरतनाट्यममध्ये गुरू जिने ताल वाजवतात ती लाकडी काठी) यांपैकी काही आहे?
- जमीन कशी आहे? लाकडी उत्तम, मातीची किंवा शहाबादी चालेल. काँक्रीटवर बसवलेली गुळगुळीत टाइल सगळ्यात वाईट.
- चुकल्यावर मुलं गुरूकडे बघतात, की नजर चुकवतात? धास्ती मोजायची याहून सोपी खूण मला माहीत नाही.
- एका तुकडीत किती मुलं आहेत? नवख्यांच्या तुकडीत पंधरा-वीसच्या वर मुलं गेली, की एकटा गुरू पुरा पडत नाही.

शुल्क देण्यापूर्वीचे प्रश्न

हे प्रश्न विचारताना ओशाळू नका. चांगला गुरू याने दुखावत नाही.

1. आपण कोणाकडे, किती वर्षं शिकलात? (प्रमाणपत्रापेक्षा हे उत्तर जास्त सांगतं.)
2. वर्ग आपण स्वतः घेता, की ज्येष्ठ विद्यार्थिनी?
3. शुल्क महिन्याचं की तिमाहीचं? सुट्ट्यांत किती? मध्येच सोडल्यास परत मिळतं का? पावती मिळते का?
4. वार्षिक कार्यक्रमात भाग घेणं सक्तीचं आहे का? पोशाख, दागिने, रंगभूषा, सभागृह यांचा वाटा किती येतो?
5. परीक्षेला बसायचं की नाही हे कोण ठरवतं?
6. पालकांना कधी आत बसता येतं?

सहाव्या प्रश्नावर ‘कधीच नाही’ असं उत्तर आलं, तर उठा. रोज बसू न देणं समजू शकतं, आईकडे बघत मुलं नाचत नाहीत. पण महिन्यातून एकदाही दार उघडं नसेल, तर तो वर्ग लहान मुलांसाठी नाही.

पहिलं वर्ष: घरी काय करायचं

पहिल्या वर्षी दाखवण्यासारखं काही तयार होत नाही, आणि नेमकं याच काळात पालकांचा धीर सुटतो. ‘सहा महिने झाले, अजून ता थेई थेई तत्‌च चाललंय,’ ही तक्रार मी शेकडो वेळा ऐकली असेल. चालू द्या. चार महिने ठाय (संथ) लयीत केलेलं तत्कार पुढच्या पंधरा वर्षांना पुरतं.

- वेळ: लहानांना रोज १५-२० मिनिटं, मोठ्यांना अर्धा तास. रविवारी दोन तास एकदम करून आठवडा भरून निघत नाही.
- ताल: जेवणाच्या टेबलावर तीनताल मोजा. १६ मात्रा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली. भरतनाट्यमवाल्यांनी आदिताल, ४ अधिक २ अधिक २. आई-बाबांनीही शिकावा. ज्या घरात ताल खेळासारखा चालतो, तिथलं मूल लयीला घाबरत नाही.
- पढंत: जे नाचता येतं ते आधी तोंडाने म्हणता आलं पाहिजे. रिक्षातही होतं हे काम.
- घुंगरू: पहिल्या दिवशी घेऊ नका. पाय नीट पडू लागला, की गुरू सांगतील. कथकमध्ये सुती दोरीत ओवलेले पितळी घुंगरू वापरतात. लहानांना सुरुवातीला एका पायात २५ ते ५० पुरतात, मोठे नर्तक १०० आणि त्याहून अधिक बांधतात. भरतनाट्यममध्ये कातडी किंवा मखमली पट्ट्यावर ओळींनी बसवलेले असतात. एकेक घुंगरू हलवून बघून घ्या, मुका असेल तर परत द्या.
- पोशाख: सलवार-कमीज आणि कमरेला घट्ट बांधलेली ओढणी, किंवा गुरू सांगतील ती सरावाची साडी. गुडघे आणि घोटे गुरूंना दिसले पाहिजेत, एवढाच नियम.

शरीर सांगतं ते ऐका

दमणं आणि दुखणं यांत फरक आहे. पोटऱ्या भरून येणं, मांड्या ठणकणं हे पहिल्या महिन्यात होणारच, दोन-तीन दिवसांत जातं. पुढच्या खुणा मात्र अंगावर काढू नका:

- नडगीच्या हाडावर दाबलं की एकाच जागी कळ येणं;
- जिना उतरताना गुडघ्यात टोचणं;
- टाच सकाळी टेकवता न येणं;
- चक्करांनंतर बराच वेळ गरगरणं किंवा मळमळणं.

अरमंडीत गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेने उघडला पाहिजे. पावलं बाहेर आणि गुडघे आत, असं दिसत असेल तर भार चुकीच्या जागी पडतोय. वर्गाच्या आरशात हे पालकालाही दिसतं. ‘दुखतंय तरी कर’ ही निष्ठेची कसोटी नव्हे. दुखत असताना बसून पढंत करायला सांगणारे गुरू मिळाले, तर नशीब समजा.

परीक्षा, विशारद आणि दहावीचे गुण

महाराष्ट्रात सगळ्यात ओळखीचं नाव अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं. पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये ते स्थापन केलं. परीक्षांचा क्रम असा:

1. प्रारंभिक
2. प्रवेशिका प्रथम
3. प्रवेशिका पूर्ण
4. मध्यमा प्रथम
5. मध्यमा पूर्ण
6. विशारद प्रथम
7. विशारद पूर्ण

त्यापुढे अलंकार, प्रथम आणि पूर्ण. वर्षाला एक परीक्षा धरली, तरी विशारदला ७ वर्षं लागतात. ‘चार वर्षांत विशारद’ असा फलक दिसला, तर तिथे थोडं थांबून विचार करा. वरच्या परीक्षांना लेखी पेपरही असतात. इतर संस्था आणि विद्यापीठंही परीक्षा घेतात. नाव नोंदवण्याआधी त्या कुठे ग्राह्य धरल्या जातात ते तपासा.

दहावीच्या गुणांबद्दल: राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय नृत्याच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना अतिरिक्त गुण मिळतात. इथे पालक दरवर्षी त्याच तीन ठिकाणी अडकतात:

- परीक्षा घेणारी संस्था शासनमान्य यादीत असावी लागते. वर्गाच्या नावाचं छापील प्रमाणपत्र चालत नाही.
- प्रस्ताव शाळेमार्फत आणि ठरलेल्या मुदतीत जातो. दहावीचा निकाल लागल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. नववीतच शाळेच्या कार्यालयात चालू वर्षाचे नियम विचारून ठेवा.
- प्रमाणपत्रावरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव अक्षर न्‌ अक्षर जुळायला हवं. परीक्षेचा अर्ज भरतानाच हे पाहा.

आणि ‘विशारद म्हणजे पदवीच ना?’ या प्रश्नाचं उत्तर, जिथे अर्ज करणार त्या विद्यापीठाला किंवा नोकरी देणाऱ्याला लेखी विचारा. सगळीकडे एकच नियम नाही.

एकदा माझ्याकडे एक मुलगी आली. दुसरीकडे शिकून विशारद प्रथमपर्यंत पोहोचलेली, प्रमाणपत्रं लॅमिनेट केलेली. मी तिला ठाय लयीत ठेका धरून फक्त समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायला सांगितलं. तिला सम सापडेना. परण, तोडे अशा बांधलेल्या रचना सगळ्या पाठ होत्या, पण पावलं मोजून. तालाशी त्यांची ओळखच झालेली नव्हती. आम्ही प्रवेशिकेपासून पुन्हा सुरुवात केली. तिचा दोष नव्हता, दर वर्षी एक परीक्षा उरकण्याच्या घाईत कुणाला थांबायला वेळ मिळाला नव्हता. परीक्षा अभ्यासाला मुदत आणि शिस्त देते, म्हणून द्या. मूल कच्चं असेल आणि गुरू ‘या वर्षी नको’ म्हणत असतील, तर त्यांचं ऐका.

अरंगेत्रम आणि मंचप्रवेश: आधी हिशेब

भरतनाट्यममध्ये पूर्ण मार्गम (रचनांचा ठरलेला क्रम) एकटीने सादर करण्याचा पहिला कार्यक्रम म्हणजे अरंगेत्रम. कथकमध्येही आता मंचप्रवेश थाटात होतात. हा प्रसंग खरोखर मोठा असतो. दीड-दोन तास एकटीने मंच पेलणं सोपं नाही. पण लग्नासारखा त्याचाही खर्च फुगतो. म्हणून कार्यक्रमाच्या ६ महिने आधी गुरूंसोबत बसून कागदावर मांडा:

- सभागृह, ध्वनी, प्रकाश;
- गायक आणि वादक, त्यांच्या तालमींचं मानधन धरून;
- पोशाख, दागिने, रंगभूषा;
- गुरूंचं मानधन किंवा गुरुदक्षिणा;
- छायाचित्रण, पत्रिका, जेवण.

शेवटच्या ओळीला हवी तेवढी कात्री लावा. दुसऱ्या ओळीला शेवटपर्यंत हात लावू नका, जिवंत साथीवर नाचण्याचा अनुभव हाच या सगळ्याचा गाभा. शाळेचं किंवा संस्थेचं छोटं सभागृह, दोन मैत्रिणींचा जोडकार्यक्रम, भाड्याचे दागिने, हे सगळं प्रतिष्ठित आहे. अरंगेत्रम केलं नाही म्हणून शिक्षण अपुरं राहत नाही. आणि कर्ज काढून तर मुळीच नको.

ऑनलाइन वर्ग

परदेशातल्या आणि लहान गावांतल्या मराठी घरांसाठी ही मोठीच सोय झाली आहे. तिच्या मर्यादा ओळखून वापरा.

- आवाज पोहोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे दोन्हीकडे एकाच वेळी ताल जुळत नाही. गुरूंनी लहरा आधी पाठवावा, तुम्ही तुमच्याकडे वाजवून नाचावं.
- कॅमेरा कमरेच्या उंचीवर, लांब. पावलं दिसलीच पाहिजेत.
- डावं-उजवं आरशासारखं दिसतंय की खरं, ते पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.
- नवख्यांनी पहिले ६ महिने तरी समोर बसून शिकावं. ते अशक्य असेल, तर सुट्टीत भारतात आल्यावर सलग दोन-तीन आठवडे प्रत्यक्ष वर्ग ठेवा.
- फक्त रेकॉर्ड केलेले धडे बघून बैठक येत नाही. गुडघा चुकतोय हे व्हिडिओ सांगत नाही.

वारसा: किती आणि कसा

‘संस्कृती कळावी म्हणून घालतोय’ असं बरेच पालक म्हणतात. ती वर्गात आपोआप अंगाला लागत नाही. वर्षाला तीन-चार गोष्टी ठरवून केल्या, तर पुरे:

- वर्षातून एकदा तरी मुलांना प्रत्यक्ष मैफल दाखवा, आणि ती वेगळ्या शैलीची असू द्या.
- हस्तमुद्रा नुसत्या पाठ न करता वापर विचारा. ‘अभिनयदर्पण’ हा ग्रंथ एका हाताच्या २८ मुद्रा सांगतो. एकट्या पताकेतून ढग, नदी, दार काय काय होतं, हा प्रश्न घरातल्या खेळासारखा विचारा.
- रोहिणी भाटे यांचं ‘माझी नृत्यसाधना’ मोठ्या मुलींच्या हाती द्या. मराठी घरातली मुलगी नृत्याकडे कशी गेली, ते त्यात आहे.
- मुलं १३-१४ वर्षांची झाली, की पूर्ण इतिहास सांगा. भरतनाट्यमचं आधीचं रूप सदिर. ते देवदासी घराण्यांतल्या स्त्रियांनी आणि त्यांच्या नट्टुवनारांनी (नृत्यगुरूंनी) जपलं. कथकची ठुमरी, गतभाव यांवर तवायफांचा मोठा हात फिरला आहे. देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये आणि मद्रास इलाख्यात १९४७ मध्ये कायदे झाले. याच काळात, १९३६ मध्ये, रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी ‘कलाक्षेत्र’ उभारलं आणि नृत्य मध्यमवर्गीय घरांत आलं. ज्यांनी कला सांभाळली, त्यांचीच नावं पुसली गेली, हे मुलांना कळलं तर त्यांचा नमस्कार अधिक खरा होईल.

वेगळ्या धर्माच्या घरांतून ‘वंदना करावी लागेल का?’ अशी विचारणा होते. भूमिवंदनाचा अर्थ पाय आपटण्याआधी जमिनीची क्षमा मागणं. पूजेच्या विधीत भाग घेण्याची सक्ती नसावी, हे आधीच बोलून घ्या. समजूतदार गुरू वाट काढतात. कथकच्या इतिहासात तर मंदिर आणि दरबार, दोन्ही एकाच घरात राहिलेले आहेत.

तुमचे हक्क

गुरूबद्दल आदर असावा. पण आदर म्हणजे गप्प बसणं, असा अर्थ कुणी लावू नये.

- स्पर्श: बैठक दुरुस्त करायला गुरूंना हात लावावा लागतो. तो सर्वांसमोर, सांगून आणि कामापुरता असावा. ‘नको वाटलं तर नको म्हण आणि घरी सांग’ हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.
- १८ वर्षांखालील मुलं-मुली: लैंगिक छळाला २०१२ चा पोक्सो कायदा लागू होतो. गुन्ह्याची माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हाही त्या कायद्याखाली गुन्हाच आहे. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८. ‘वर्गाचं नाव खराब होईल’ हे कारण कायद्यापुढे टिकत नाही.
- प्रौढ विद्यार्थिनी: कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात शिक्षणसंस्थाही येतात, आणि तक्रारदार तिथे नोकरीला असण्याची अट नाही. संस्था छोटी, १० हून कमी कर्मचाऱ्यांची असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. मुदत साधारण ३ महिन्यांची, तेव्हा थांबू नका.
- मारहाण आणि अपमान: काठी तालासाठी असते. रंग, वजन, उंची यांवरून टोमणे मारणं म्हणजे शिक्षण नव्हे.
- फोटो आणि व्हिडिओ: मुलांचं चित्रण जाहिरातीसाठी वापरायचं तर तुमची संमती आधी घ्यावी, असा आग्रह धरा. तसं अर्जावर लिहूनच द्या.
- रचना कोणाची: हा हक्क गुरूंचाही आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लिहून किंवा अन्य रीतीने नोंदलेली नृत्यरचना संरक्षित आहे. गुरूंनी बांधलेली रचना स्पर्धेत, यूट्यूबवर किंवा स्वतःच्या वर्गात वापरण्याआधी विचारा आणि नाव द्या. पारंपरिक तोडे, अडवू सगळ्यांचे आहेत.

शिष्यवृत्ती आणि पुढची वाट

- केंद्र सरकारच्या सीसीआरटी या संस्थेची सांस्कृतिक गुणशोध शिष्यवृत्ती १० ते १४ वयोगटासाठी आहे. वय उलटल्यावर बरेच पालक चौकशी करतात, म्हणून आधीच लक्ष ठेवा.
- १८ ते २५ वयाच्या कलावंतांसाठी संस्कृती मंत्रालयाची स्वतंत्र शिष्यवृत्ती आहे. दोन्हींच्या जाहिराती, रकमा आणि मुदती त्या वर्षीच्या पत्रकात पाहा.
- पुढच्या शिक्षणासाठी पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबईत कनक रेळे यांनी उभारलेलं नालंदा नृत्यकला महाविद्यालय, दिल्लीचं कथक केंद्र, खैरागडचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय असे पर्याय आहेत. प्रवेशाला प्रात्यक्षिक चाचणी असते, प्रमाणपत्रांची फाइल तिथे फारशी उघडली जात नाही.

वर्ग बदलायची वेळ आली तर

गाव बदलतं, वेळ जमत नाही, मन रमत नाही. कारण कुठलंही असो, गायब होऊ नका. गुरूंना भेटून सांगा, नमस्कार करा, परीक्षेची मूळ प्रमाणपत्रं आणि नोंदी मागून घ्या. नव्या ठिकाणी घराणं किंवा बानी (भरतनाट्यममधली परंपरा) वेगळी असेल, तर हाताची ठेवण, बोलांची निकासी बदलेल आणि वर्षभर मागे गेल्यासारखं वाटेल. ते वर्ष द्या. जुन्या गुरूंची नव्यांपुढे निंदा करू नका आणि नव्यांनी ती केली, तर ऐकून घेऊ नका.

आता त्या एक्केचाळीस वर्षांच्या बाईंचं सांगायचं राहिलं. त्या आल्या. पहिल्या दिवशी ओढणी इतकी घट्ट बांधली होती, की श्वास घेता येईना. दोन वर्षं झाली, अजून एकही परीक्षा दिलेली नाही. चक्करं चारच येतात. पण परवा वर्गात लहरा चुकून थांबला, मुली गोंधळल्या, आणि मागच्या रांगेतून यांचं तत्कार तसंच चालू राहिलं, लय न सोडता, समेवर येऊन थांबेपर्यंत. ते ऐकून मी लहरा पुन्हा लावायची घाई केली नाही.